सदरचं सदर : थैली फिरायच्या आधी काय बोलायचं?

सलाम मंडळी. मागच्या अंकात मी सहज लिहून बसले की अर्पण, दशमांश (कमाईचा दहावा हिस्सा), वर्गणी याबद्दल काही मनात असेल तर पाठवा, बँकेत कॅश काउंटरवर अख्खी नोकरी गेली आणि चर्चची खजिनदार म्हणून १४ वर्षं अर्पणाची थैली मोजली, तेवढं तरी मला कळतं. मग जी पत्रं आली त्यातली अर्धी पाळकांची आणि अर्धी पाळकांवर रागावलेल्यांची. नावगाव कोणाचंच छापत नाहीये, फोन करून विचारूही नका, मेकोसाबागेत कुकरची शिट्टी वाजली की मोहननगरात कळतं काय शिजून राहिलं, एवढीशी तर आपली मंडळी आहे.

प्रश्न : ताई, सलाम. मी पाळक आहे, नागपुरात येऊन ८ महिने झाले. मंडळीत ११० कुटुंबं, रविवारी येतात त्यातली निम्मी. पावसाळ्यात छत गळतं, वायरिंग जुनं झालंय, आणि कमिटी म्हणते पास्टर, येत्या रविवारी जरा मलाखीवर (बायबलातलं दशमांश आणा म्हणणारं पुस्तक) घ्या. मी आजपर्यंत पैशावर एकही संदेश दिलेला नाही. खरं सांगतो, लाज वाटते. माझा पगार त्याच थैलीतून निघतो, मी द्या म्हटलं की लोक म्हणतील स्वतःसाठीच मागून राहिला. कसं बोलावं?

उत्तर : पास्टर, तुम्हाला लाज वाटते हे वाचून मला बरंच वाटलं, ज्यांना वाटत नाही त्यांची पत्रं माझ्याकडे येत नाहीत, त्यांच्याबद्दलची येतात. पण लाजेपायी गप्प बसलात तर काय होतं सांगू का, मग विषय निघतो तो छत गळल्यावरच, आणि मंडळीच्या डोक्यात पक्कं बसतं की पास्टर पैशावर बोलले म्हणजे काहीतरी फुटलंय. संडेस्कूलमध्ये पोरांना आपण वचनं पाठ करायला लावतो, प्रार्थना शिकवतो, पण द्यायचं कसं ते शिकवत नाही. थैली बाकावर आली की आई घाईघाईत पर्समधून १० ची नोट काढते, पोराच्या हातात कोंबते आणि टाक टाक म्हणते. तेवढंच शिक्षण.

तुम्ही बाहेरून आलात म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. आपल्याकडची माणसं कंजूस नाहीत, त्यांना सवयच वेगळी लागली. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप साहेब १८४५ साली नागपुरात आले आणि तेव्हापासून कितीतरी वर्षं शाळा, दवाखाना, चर्च, प्रचारकाचा पगार यातलं बरंचसं स्कॉटलंडहून आलेल्या पैशावर चाललं, दुसऱ्या मंडळ्यांचं अमेरिकेहून आलं. माझे आजोबा चर्चची खिडकी तुटली तरी म्हणायचे, मिशन पाहून घेईल. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला इथेच, आपल्या सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, घरात त्या दिवसाच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो, पण आता खिडकीचं कोण बघणार हे काही कोणी कोणाला बसवून सांगितलं नाही. मिशन गेलं आणि "मिशन पाहून घेईल" तेवढं मागे राहिलं. आणि हीच माणसं शेजाऱ्याची बायपास निघाली तर दोन दिवसांत व्हॉट्सअपवर लाखभर जमवतात की नाही? जमवतात. का, तर पेशंट कोण ते माहीत असतं, हॉस्पिटलचं बिल ग्रुपवर टाकलेलं असतं, आणि उरलेले पैसे परत आले तर तेही कोणीतरी लिहितं.

म्हणून माझं म्हणणं असं की वचनाच्या आधी बिल दाखवा. मलाखी पळून जात नाही.

मी खजिनदार असताना आम्ही एकदा एका रविवारचा खर्च काढला होता. लाईट, पाणी, झाडणाऱ्या बाई, चौकीदार, पाळकांचा पगार, डायोसीसचा (बिशपच्या विभागाचा) हिस्सा, बाजाच्या पेटीची दुरुस्ती, सगळं वर्षाचं धरलं आणि ५२ ने भागलं. आकडा आला ९,३०० रुपये. थैलीत रविवारी सरासरी पडत होते ५,१००. बाकीचं यायचं हॉलच्या भाड्यातून, म्हणजे लग्नसराई बरी गेली तर पास्टरांना पगार वेळेवर. हे सगळं मी उपासनेनंतर उभं राहून वाचलं, एकही वचन म्हटलं नाही, फक्त जानेवारीचं लाईट बिल आणि मे महिन्याचं लाईट बिल शेजारी शेजारी दाखवलं, कारण ४५ डिग्रीत सहा कूलर चालतात आणि त्यांच्या वाऱ्यात बसणाऱ्या कोणाला त्या बिलाचा आकडा माहीत नव्हता. बाहेर चहा घेताना एक रिटायर रेल्वेवाले काका आले, म्हणाले बाई, मे महिन्याचं बिल दरवर्षी माझ्याकडे, पण कोणाला सांगायचं नाही. आता थैली दुप्पट झाली असं मी काही सांगणार नाही, झाली नाही, थोडी वाढली. पण हॉलचं भाडं कोण ठरवतं आणि पावती का नसते हे त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, आणि ते विचारलं गेलं म्हणून कमिटीतले दोघं चार महिने माझ्याशी बोलत नव्हते. ही किंमत तुम्हालाही पडेल, आधीच सांगून ठेवते.

हिशोब दाखवा म्हटलं की काही लोक म्हणतात हे बँकवाल्यांचं खूळ आहे, देवाच्या घरात विश्वास पाहिजे. तर बायबलातलं २ राजे १२ वाचून दाखवा त्यांना. योआश राजाने मंदिराच्या दुरुस्तीसाठी पैसे घ्या म्हणून याजकांना सांगितलं, त्याच्या कारकिर्दीचं २३ वं वर्ष उजाडलं तरी दुरुस्ती नाही! मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं, वेदीजवळ ठेवली, आणि पेटीत पैसे बरेच झाले की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघं येऊन मोजायचे, थैल्यांत बांधायचे आणि ते पैसे सरळ सुतार, गवंडी, पाथरवट यांच्या कामाला जायचे. म्हणजे दोन सह्यांची पद्धत काही आमच्या बँकेने काढलेली नाही. हां, त्याच अध्यायात पुढे असंही आहे की काम करवून घेणाऱ्यांकडून हिशोब मागत नसत कारण ते प्रामाणिक होते, हे वचन दर दोन वर्षांनी कोणीतरी मला दाखवतंच. मी म्हणते बरोबर आहे, पण आधीची २३ वर्षं पण वाचा. आणि प्रेषित पौलाचं बघा, यरुशलेमच्या गरिबांसाठी पैसे जमवले तर एकट्याने नेले नाहीत, तीताबरोबर आणखी दोन भाऊ पाठवले आणि का ते लिहूनही ठेवलं, की एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी आपल्याकडे बोट दाखवू नये, प्रभूपुढे तर नीट असावंच पण माणसांपुढेही असावं. पौलावर कोण संशय घेणार होतं? तरी त्याने केलं.

आता मलाखी. घ्या, जरूर घ्या, पण तिसऱ्या अध्यायाचं दहावं वचन उचलून आणू नका, पाचव्यापासून सुरू करा. तिथे देव कोणाविरुद्ध साक्ष द्यायला येतो म्हणतो? मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध, विधवेला अनाथाला छळणाऱ्यांविरुद्ध, परक्याचा हक्क मारणाऱ्यांविरुद्ध. मग कमिटीला विचारा आपल्या झाडणाऱ्या बाईंना महिन्याला किती देतो, आणि शेवटची वाढ कधी दिली. मी विचारलं होतं तेव्हा कोणालाच आठवत नव्हतं. आधी तिचा पगार नीट करा आणि मग दशमांश भांडारात आणा म्हणून सांगा, तुमच्या आवाजातच फरक पडेल बघा. आणि त्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात याजकांची खरडपट्टी आहे, आंधळं लंगडं जनावर वेदीवर चालवून घेता म्हणून. ते वाचताना स्वतःला वगळू नका.

एक गोष्ट मात्र कितीही टाळ्या पडल्या तरी बोलू नका, दहा द्या शंभर मिळतील. देणं म्हणजे फिक्स डिपॉझिट नाही. आणि उलटं पण नको, नाही दिलं तर आजारपणं येतील वगैरे. एका बाईने मला सांगितलं होतं, त्या महिन्यात दशमांश राहिला आणि पोराला डेंग्यू झाला, तिला अजून वाटतं आपल्यामुळेच. डेंग्यू कूलरच्या पाण्यातल्या डासाने होतो, हे कोणीतरी वेदीवरून सांगायला पाहिजे खरं तर.

तुमच्या पगाराचं तुम्ही स्वतः बोलूच नका. सेक्रेटरीने बोलावं, नाहीतर मंडळीतल्या कोणी जुन्या जाणत्या माणसाने, आणि तुम्ही समोर बसलेले असताना बोलावं, तुम्ही बाहेर गेल्यावर कुजबुज नको. आकडा सांगावा. पाळकाला काय मिळतं हे कोणाला माहीत नसतं, अर्ध्यांना वाटतं भरपूर मिळतं, अर्ध्यांना वाटतं बिशप ऑफिसातून येतं. पौल करिंथकरांना लिहितो की सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर पोट भरावं हे प्रभूनेच ठरवलंय, आणि लगेच पुढे म्हणतो पण मी हा हक्क वापरला नाही. दोन्ही वाक्यं वाचा, पहिलं सेक्रेटरीला द्या आणि दुसरं तुमच्याजवळ ठेवा.

छताचं खातं वेगळं करा, रोजच्या अर्पणात मिसळू नका. कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन बोर्डावर लावा, किती जमले किती राहिले ते दर रविवारी खडूने लिहा. आणि पुरे झाले की पुरे झाले म्हणून सांगा! निर्गम ३६ मध्ये निवासमंडपासाठी लोक आणतच राहिले तेव्हा कारागीर मोशेला म्हणाले, लागतं त्यापेक्षा जास्त होऊन राहिलं, मग मोशेने छावणीत दवंडी दिली की आता कोणी काही आणू नका. तुम्ही आयुष्यात कोणत्या चर्चमध्ये "आता बस्स" अशी नोटीस ऐकली आहे का? मी नाही ऐकली. तुम्ही द्या, पुढच्या वेळेला लोक तुमचं ऐकतील.

आणि ख्रिसमसच्या, ईस्टरच्या उपासनेत हा विषय नकोच, त्या दिवशी वर्षातून एकदा येणारे येतात, कोणी शेजारपाजारचे येतात. हार्वेस्टचा, म्हणजे पिकाबद्दल आभार मानायच्या सणाचा, महिना धरा. आपल्याकडे हार्वेस्टला लिलाव होतो, सांबाराची (कोथिंबिरीची) जुडी ५०० ला जाते आणि कोंबडीवरून दोन भाऊ हमरीतुमरीवर येतात आणि सगळे हसत असतात. पैसे देताना आपले लोक हसताना मी फक्त तेव्हाच पाहिलेत. संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो हे वचन त्या दिवशी समजावून सांगावं लागत नाही. फक्त लिलावात बोली लावू न शकणारे मागे उभे असतात, त्यांनी घरून आणलेली चार अंडी किंवा भाजी याचंही नाव घेऊन आभार माना, फक्त बोली जिंकणाऱ्याचे नको.

प्रश्न : दशमांश ग्रॉस सॅलरीवर द्यायचा का हातात येते त्यावर? आमच्या सेल ग्रुपमध्ये (घरोघरी भरणाऱ्या प्रार्थना गटात) यावरून वाद झाला. आणि टॅक्समध्ये सूट मिळते का?

उत्तर : मोशेच्या नियमशास्त्रात सॅलरी स्लिप नव्हती हो, धान्य होतं, द्राक्षारस होता, तेल होतं, आणि काठीखालून जाणारं दर दहावं जनावर. मजा बघा, अनुवाद १४ मध्ये तर असंही आहे की दशमांशाचं परमेश्वरासमोर बसून कुटुंबाने खायचं, आनंद करायचा, जागा लांब असेल तर विकून पैसे न्या आणि तिथे मनाला वाटेल ते घ्या, आणि दर तिसऱ्या वर्षीचा लेवी (मंदिराची सेवा करणारे), परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावातच ठेवा. यावर कोणी संदेश दिलेला मी ऐकला नाही. पौल तर टक्का सांगतच नाही, आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याला जसं यश मिळालं तसं बाजूला काढून ठेवा म्हणतो. मला विचाराल तर मी हातात येणाऱ्यावर देत होते, पीएफ मिळाला तेव्हा त्याचं वेगळं दिलं. ज्यांना ग्रॉसवर द्यायचंय त्यांनी द्यावं, पण ग्रुपमध्ये सांगू नये. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश मोजणाऱ्यांना येशू काय म्हणाला ते मत्तय २३ मध्ये आहे, तिथे न्याय, दया आणि विश्वास यांचंही नाव आहे. टॅक्सच्या सवलतीचं म्हणाल तर चर्चच्या धार्मिक कामासाठी दिलेल्या अर्पणावर ८०जी ची सवलत साधारणपणे मिळत नाही, ट्रस्टचा दवाखाना, बालगृह असं काही असेल आणि त्याला ती मान्यता असेल तर गोष्ट वेगळी, तिथे सर्टिफिकेट मागून घ्या.

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये देणगीदारांची नावं रकमेसकट वाचतात आणि वर्गणी थकलेल्यांची यादी बोर्डावर लावतात. कमिटी म्हणते याशिवाय लोक देत नाहीत. मी नवीन खजिनदार आहे, बंद करू का?

उत्तर : करा. आणि मी का सांगून राहिले तेही ऐका. खजिनदार झाल्यावर पहिल्याच वर्षी मी स्वतः थकबाकीची यादी टाईप करून बोर्डावर लावली होती, बँकेची सवय, डिफॉल्टर म्हणजे डिफॉल्टर. यादीत एक नाव होतं, ते कुटुंब पुढच्या रविवारपासून आलंच नाही. मला वाटलं बुडवे लोक. दीड वर्षाने त्यांची मुलगी बाजारात भेटली तेव्हा कळलं बापाची मिल बंद पडून तीन वर्षं झाली होती आणि तो माणूस रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचा, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. मी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, पण ते परत काही आमच्या चर्चला आले नाहीत. त्यानंतर मी यादी केली ती फक्त माझ्या वहीत, आणि ज्याचं नाव तीन महिने दिसलं नाही त्याच्याकडे पैसे मागायला नाही तर सगळं ठीक आहे ना विचारायला कोणीतरी जायचं, वर्गणीचा विषय काढायचा नाही असं ठरवून.

देणगीदारांच्या नावाचं म्हणाल तर डाव्या हाताला कळू नये हे वचन सगळ्यांना पाठ आहे आणि तरी चर्चमध्ये बाकावर नाव, घड्याळावर नाव, संगमरवरी पाटीवर नाव. आमच्याकडे तर फॅनच्या पात्यावर आहे, अमक्याच्या स्मरणार्थ, आणि ते वाचायचं तर फॅन बंद करावा लागतो, नागपुरात मे महिन्यात फॅन बंद करून कोणाचं स्मरण होईल ते देवालाच माहीत. स्मरणार्थ दिलेल्याचं मला एवढं वाईट वाटत नाही, दुःखात माणसाला काहीतरी करायचं असतं. पण रक्कम वाचणं बंद करा. १०० रुपयेवाला खाली बघतो आणि ५,००० वाला वर बघतो, दोघंही वेदीकडे बघत नाहीत.

प्रत्येकाला पावती मात्र द्या आणि वर्षाच्या शेवटी ज्याचं त्याला बंद पाकिटात त्याचं स्टेटमेंट. एकूण जमाखर्च मात्र सगळ्यांसमोर, ऑडिट झालेला. चर्च ट्रस्ट म्हणून १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेलं असेल तर हिशोब ठेवणं आणि ऑडिट करून घेणं ही काही तुमची मेहेरबानी नाही, ते करावंच लागतं, मग बोर्डावर लावायला काय जातं? आणि कोण किती देतं हे पाळकांनाही कळू देऊ नका, हे माझं मत आहे, पुष्कळ पाळकांना आवडणार नाही. पण कळलं की भेटी देताना पाय आपोआप कोणत्या घराकडे वळतात ते मी पाहिलंय.

प्रश्न : बाबा गेले तेव्हा कबरस्तानची चिठ्ठी देण्याआधी सात वर्षांची वर्गणी भरा म्हणाले. माझा भाऊ प्रेताजवळून उठून एटीएमला गेला. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. कुठल्याही कमिटीने हा ठराव केला असेल तर तो रद्द करावा, आणि तोपर्यंत एखाद्या मेंबराने गुपचूप स्वतःच्या खिशातून भरावं पण त्या दारात मागू नये. बारसं, लग्न, दफन या तीन दारांत उभं राहून वसुली करणाऱ्या चर्चने मग अर्पणावर कितीही गोड संदेश दिला तरी त्या घराला फक्त एटीएमच आठवणार. तुमच्या भावाला माझा सलाम सांगा.

प्रश्न : माझे मिस्टर बुटीबोरीला प्रायव्हेट कंपनीत आहेत, पगार दोन दोन महिने उशिरा होतो. आम्ही रविवारी चर्चला जातो आणि शुक्रवारी एका प्रार्थना ग्रुपला. तिथले ब्रदर म्हणतात विधवेने सगळं टाकलं, तुम्ही हिशोब करता म्हणजे विश्वास नाही. मिस्टरांनी उसने काढून दिले, मागच्या महिन्यात माझी बांगडी गहाण ठेवली. मुलाची फी बाकी आहे. मी नाही म्हणते तर घरात भांडण. माझा विश्वास कमी आहे का ताई?

उत्तर : नाही बाई, तुमचा विश्वास कमी नाही. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

मिस्टरांबरोबर बसून आधी २ करिंथ ८ वाचा, बारावं आणि तेरावं वचन. पौल म्हणतो जवळ जे असेल त्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं, नसेल त्याप्रमाणे नाही, आणि दुसऱ्यांचं ओझं हलकं व्हावं आणि तुमच्यावर पडावं असा त्याचा हेतू नाही. उसने म्हणजे नसलेलंच ना? ते सावकाराचं अर्पण झालं, तुमचं कुठे झालं. मग मार्क ७ काढा. आईबापांना द्यायचं ते कुर्बान झालं, देवाला वाहिलं असं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशू काय बोलला बघा. आईबापांचं जे तेच लेकराच्या फीचं, असं मी धरते.

आणि ती विधवा. मार्क १२ मध्ये तिने दोन टोल्या, म्हणजे अगदी चिल्लर नाणी, टाकल्या ते सगळ्यांना माहीत, पण त्याच्या अगदी आधीचं वचन कोणी वाचत नाही, तिथे येशू शास्त्र्यांपासून जपा म्हणतो, ते विधवांची घरं गिळतात आणि वर लांब लांब प्रार्थना करतात. हे बोलून तो दानपेटीसमोर बसतो आणि ती येते. तिच्या देण्याचं त्याने कौतुक केलं हे खरंच, पण तिच्याकडून मागितलं मात्र नाही, आणि ज्यांनी तिला तिथवर आणलं त्यांना तर सोडलंच नाही. शुक्रवारच्या ब्रदरांना ही दोन वचनं जोडून वाचायला सांगा. नाहीच ऐकलं तर शुक्रवारी घरी बसा, देव घरीही येतो.

बांगडीचं व्याज किती लागून राहिलं ते बघा, आधी ती सोडवा, सोन्याच्या दुकानात ठेवली असेल तर बँकेचं गोल्ड लोन बहुतेक स्वस्त पडतं, चौकशी करा. आणि तुमच्या रविवारच्या पाळकांना हे सगळं सांगा. मिस्टरांनी पुरुष माणसाचं ऐकलं तर ऐकतील, आपण काय करणार.

हे वाचणाऱ्या पाळकांना एवढंच की विधवेवर संदेश द्याल तेव्हा समोर कोण बसलंय ते बघा. स्पष्ट शब्दांत म्हणा, ज्यांच्या घरी या महिन्यात ओढाताण आहे त्यांनी थैली पुढे सरकवावी, काही टाकू नये, आणि लागत असेल तर उपासनेनंतर मला भेटावं. आणि मग द्यायला खरंच काहीतरी ठेवा. आमच्याकडे महिन्यातल्या एका रविवारचं अर्पण गरजू निधीला जायचं, रॉकेलपासून कॉलेजच्या फॉर्मपर्यंत सगळ्याला वापरलं, नावं फक्त तिघांना माहीत असायची. त्या रविवारी थैली बाकीच्या रविवारांपेक्षा जड असायची, कोणी सांगितलेलं नसताना.

प्रश्न : आमच्या तरुण संघाला थैलीऐवजी क्यूआर कोड लावायचाय, मोठे लोक म्हणतात उपासनेत मोबाईल नको. कोणाचं बरोबर?

उत्तर : दोघांचं थोडं थोडं. पुण्याला आयटीत गेलेली तुमची पोरं महिन्याला पाठवतील ती क्यूआरनेच, थैली काही हिंजवडीला जात नाही. पण खातं चर्चच्या नावाचं पाहिजे, दोन सह्यांचं. पाळकांचा किंवा खजिनदाराचा खाजगी नंबर, तात्पुरता, दोन महिन्यांसाठी, असं अजिबात नको, तात्पुरतं आपल्याकडे दहा वर्षं चालतं. स्कॅन केल्यावर कोणतं नाव दिसायला पाहिजे ते कोडच्या खाली मोठ्या अक्षरात लिहा आणि पिन टाकायच्या आधी नाव वाचा म्हणून सांगा, दुकानातून असे कोड चिकटवून फसवणाऱ्यांना चर्च काही वेगळं नसतं.

कोड दाराशी लावा, वेदीजवळ नको. थैली बंद करू नका. मोबाईलवर देणाऱ्यांसाठी बाकावर छोटी कोरी कार्डं ठेवा, ज्याने दिलंय त्याने एक कार्ड थैलीत टाकायचं, म्हणजे मांडीवर बसलेल्या लेकराला निदान दिसेल की आईबाबांनी काहीतरी टाकलं. आमच्या इथे एका पोराने त्या कार्डावर रंगीत पेन्सिलने कोंबडी काढून टाकली होती, मोजताना निघाली. वहीत कशी लिहायची तेवढं कळलं नाही. आणि हो, कोड लॅमिनेट करून घ्या, वरच्या पास्टरांसारखं तुमचंही छत गळत असेल तर पहिल्याच पावसात स्कॅन व्हायचा नाही.